बिलोली, उपाशीपोटी

रक्त तपासणारं यंत्र तीन गोष्टी धरून चालतं. माणसाला एकच नाव असतं, एकच वय असतं, आणि तो उपाशी आहे म्हणाला म्हणजे उपाशीच असतो. हे यंत्र बनवणारा बिलोलीला कधी आलेला दिसत नाही.

नावाचंच बघा. गोदावरी आणि मांजरा यांच्या बेचक्यातल्या आमच्या मुलखात घरटी एक तरी गंगाधर निघतो. लॅबवाल्या पोरानं ‘गंगाधर!’ अशी हाक दिली की बाकावरून तिघं उठतात आणि चौथा समोरच्या हॉटेलातून ओ देतो. त्यातून तेलंगणाची हद्द जवळ. एकच माणूस घरी सायन्ना, सासुरवाडीत सायलू आणि आधार कार्डावर सायाराम असतो, आणि तिन्ही नावांना तो सारख्याच आनंदानं हजर होतो. म्हणून नळीवर आता बारकोड चिकटवतात. पुढचा सगळा प्रवास त्या काळ्या रेघांच्या नावानं होतो. रेघांना सासुरवाडी नसते.

वयाचीही तीच गत. हिमोग्लोबिन किती असावं, हे वय आणि बाई-पुरुष बघून ठरतं, म्हणून पोरगा विचारतो, ‘आज्जी, वय किती?’ आज्जी म्हणते, ‘रजाकाराच्या टायमाला रांगत होते बघ.’ पोरगा मनातल्या मनात 1948 पासून बोटं मोजतो. हैदराबाद संस्थानाचा इतिहास शाळेत नीट शिकलेला पोरगा या कामाला बरा पडतो.

तिसरा प्रश्न सगळ्यांत नाजूक. ‘मावशी, काही खाल्लं का?’

‘काई न्हाई बाबा. निस्ता च्या घेतला.’

‘नुसता चहा?’

‘अन् च्यासंगं दोन बटर.’

यात मावशीचं काही खोटं नाही. ज्यात भाकरी नाही ते खाणं नव्हे, हा आमच्याकडचा नियम यंत्राच्या फार आधीचा आहे.

ही तीन दारं ओलांडली की मात्र पुढचा कारभार डोळे निवावेत इतका स्वच्छ. पूर्वी काचेची सिरिंज स्टोवर उकळत ठेवलेली असायची, आणि त्या खळखळाटानंच अर्ध्या पेशंटांचं दुखणं पळायचं. आता सुई नवी, नळी नवी. या नळीचं पेटंट अमेरिकेत जोसेफ क्लायनर यांनी 1949 मध्ये घेतलं. नळीत आधीच पोकळी करून ठेवलेली असते. सुई शिरेत गेली की रक्त आपणहून आत ओढलं जातं, ठरल्या मापाला थांबतं, आणि त्याला ना हवा लागते ना कुणाचा हात. माप दोन-तीन मिलिलिटरचं, अंगात रक्त पाच लिटरच्या आसपास. तरी सोबत आलेला मेव्हणा ‘बाटलीभर काढलं की हो’ म्हणत नारळपाणी आणायला धावतोच.

झाकणांच्या रंगातही अर्थ असतो. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. करड्या झाकणाची नळी साखरेसाठी. तिची गंमत अशी की रक्तातल्या पेशी अंगाबाहेर आल्यावरही जिवंत असतात आणि नळीतली साखर खात राहतात. मोठ्या तपासण्यांची पेटी नरसीमार्गे नांदेडला पोचेपर्यंत यांचा फराळ चालूच. नळीतलं फ्लोराइड त्या खाण्याला आवर घालतं. मावशीला उपाशी ठेवणं कुणाला जमलं नाही, तिच्या पेशींना तरी जमवलंय.

पुढे मोजणी. एका घनमिलिमीटर रक्तात तांबड्या पेशी चाळीस-पन्नास लाख. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली काचेवर चौकोन आखून माणूस त्यातल्या थोड्या मोजायचा आणि बाकीचा हिशेब गुणाकारानं करायचा. वॉलेस कोल्टर या अमेरिकी माणसानं 1953 मध्ये पेटंट मिळवलं ते साध्या युक्तीवर. बारीक छिद्रातून पेशी सोडायच्या आणि प्रत्येक पेशी जाताना विजेच्या प्रवाहाला जो अडथळा होतो तो मोजायचा. पहिलं छिद्र त्यांनी सिगारेटच्या पाकिटावरच्या पारदर्शक कागदाला तापल्या सुईनं पाडलं, असं सांगतात. सिगारेटच्या पाकिटाचा रक्ताला झालेला हा बहुधा एकमेव फायदा. त्या छिद्रातून पेशी एकामागून एक जातात, ही शिस्त बघून नांदेड गाडीला खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या बिलोलीकरानं मान खाली घालावी.

त्याहून कौतुक वाटतं ते रक्तातले जंतू शोधणाऱ्या यंत्राचं. बाटलीत जंतूंना खाऊ घालायचा, ऊब द्यायची आणि वाट बघायची. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि यंत्र दर दहा मिनिटांनी प्रत्येक बाटली तपासून तो ओळखतं. पाच दिवस ते असं न कंटाळता राखण करतं. पण सुई टोचण्याआधी कातडी नीट पुसून वाळू दिली नाही, तर कातडीवरचे जंतू बाटलीत शिरतात आणि यंत्र त्यांचीही इमानदारीनं वर्दी देतं. म्हणजे लाखोंच्या यंत्राची अब्रू स्पिरिटच्या बोळ्यावर आणि पोराच्या अर्ध्या मिनिटाच्या धीरावर टिकून. प्रयोगशाळेच्या बहुतेक चुका यंत्रात होतच नाहीत, त्या रक्त यंत्रात पोचायच्या आधी होऊन गेलेल्या असतात.

हे ओळखूनच की काय, यंत्रांनी आता माणसाला विचारणं कमी केलंय. उपाशी आहात का, हे एचबीए1सी या तपासणीला विचारावंच लागत नाही. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्या हिमोग्लोबिनला जी साखर चिकटते ती सुटत नाही. त्यामुळे आदल्या दिवशी गोड बंद करून आलेल्या आमच्या एका दोस्ताचं लग्नसराईतलं सगळं बुंदीवाटप रिपोर्टात उतरलं. ‘मशीन बिघडली असंल,’ म्हणत तो नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये गेला. तिथल्या मशीननंही तेच सांगितलं. आता तो निजामाबादला जायचं म्हणतोय.

शीर शोधणारा हातही आता यंत्राचा होऊ घातलाय. अमेरिकेत न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठानं 2020 मध्ये असा रोबोट जाहीर केला. अल्ट्रासाउंडनं शीर बघून सुई टोचणारा. 31 जणांवर चाचणी झाली, 87 टक्के वेळा रक्त मिळालं. उद्या तो बिलोलीच्या ग्रामीण रुग्णालयात आला तर येऊ द्या. वेचणीनं राठ झालेल्या हातात शीर सापडवून दाखव म्हणावं, आम्ही हार घालू.

म्हणजे ओढणं, मोजणं, राखण करणं, चुगली करणं, सगळं आपोआप झालं. रिपोर्टही मोबाइलवर आपोआप येतो. त्यातल्या आकड्यापुढचं काम तेवढं अजून हातानंच करावं लागतं. रोज सकाळी चालायचं, आणि हॉटेलवाल्याला ‘बिनसाखरेचा’ असं चारचौघांत मोठ्यानं सांगायचं. आमच्या दोस्ताची दोन्हींना तयारी आहे. फक्त आधी निजामाबादचा रिपोर्ट येऊ द्या, म्हणतो.