उचल घेणाऱ्या राज्याचे कौतुक

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम उचल वाटतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे नि कर्नाटकाकडे निघतात. पैसे आधी, अंगमेहनत मागाहून. ही रीत राज्य सरकारनेही उचलली, याचा आम्हा बीडकरांना अभिमान वाटायला हवा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पानुसार राज्यावरचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाते, म्हणजे माणशी सत्तर हजारांच्या पुढे. शिवाय सरकारने या रीतीत मोठी सुधारणा केली आहे. कोयत्याला आपली उचल स्वतःच फेडावी लागते, सरकारची उचल आज पाचटाच्या कोपीत झोळीत निजलेली पोरं फेडणार आहेत.

म्हातारपणाची सोयही तितकीच दूरदृष्टीची. लाडक्या बहिणीला महिना १५०० रुपये मिळतात. त्यासाठी घराचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालते. तिने पासष्टी ओलांडली की ती योजना संपते आणि श्रावणबाळ योजना सुरू होते. रक्कम तीच, मात्र उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार, म्हणजे महिन्याला १७५०. चौसष्टाव्या वर्षी गरीब ठरलेली बाई पुढच्या वाढदिवसाला श्रीमंत होते. कष्टकऱ्यांना इतक्या झटपट सुखवस्तू करणारे राज्य शोधून सापडणार नाही. दिल्लीचा निश्चयही वाखाणण्याजोगा : ऐंशीच्या आतल्या गरीब म्हाताऱ्याला केंद्राकडून महिना २०० रुपये, २००७ पासून. डाळ, तेल, एसटीचे तिकीट सगळे डळमळले. हा आकडा हलला नाही.

मार्च २०२३ मध्ये सरकारी कर्मचारी संपावर गेले. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही त्यांची घोषणा गावोगाव ऐकू आली. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांना ती पेन्शन लागू नव्हती, त्यांच्या म्हातारपणाची काळजी रास्तच आहे. आठवडाभर सगळ्या राज्याने तिजोरीचा हिशेब मांडला. कोयत्याचे नाव त्या हिशेबात आले नाही, कारण कोयत्याला निवृत्तीची तारीखच नसते. मोळ्या वाहून चाळिशीतच कंबर गेलेल्या, गर्भाशय काढून टाकलेल्या बायका या जिल्ह्यात आहेत. २०१९ मध्ये त्यांच्यासाठी चौकशी समितीही नेमली गेली. त्या आजही फडात जातात. पोटाला काय घालायचे, हा प्रश्न त्यांना कुठल्याही वयात सुटत नाही, आणि त्याची लाज त्यांना नव्हे, आपल्याला वाटायला हवी.

तिजोरीत पैसा नाही, असे म्हणणाऱ्यांचा संयम मोठा आहे, म्हणून एक आकडा त्यांच्यापुढे ठेवतो. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असे ठरले आहे. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. शंभर कोटी कारखान्यांचे, शंभर सरकारचे. महिना १५०० प्रमाणे एका माणसाला वर्षाला १८ हजार लागतात. दोनशे कोटींत एक लाख अकरा हजार म्हातारे-म्हाताऱ्या बसतात, आणि त्यासाठी नवी उचल घ्यावी लागत नाही.