मांडव धरणगावातच पडू द्या

हल्ली एका लग्नाला चार-चार ठिकाणं लागतात. मेंदी हिरवळीवर, हळद पाण्याकाठी, संगीत झुंबरांच्या हॉलमध्ये आणि लग्न उदयपूरला नाहीतर गोव्याला. प्रत्येक ठिकाणचा रंग वेगळा, फुलं वेगळी. रंगांना आणि फुलांना माझी अजिबात हरकत नाही, लग्न रंगीतच असावं. हरकत एकाच गोष्टीला आहे: या चार ठिकाणांत आपलं गाव कुठेच नसतं.

धरणगावकरांनी तरी ही चूक करू नये. फुलांच्या लग्नाचा मराठीतला सर्वांत देखणा सोहळा याच मातीतल्या माणसाने मांडला आहे. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे 13 ऑगस्ट 1890 रोजी धरणगावात जन्मले. त्यांच्या ‘फुलराणी’त हिरवळीवरच्या कळीचं लग्न सूर्यकिरणाशी लागतं. सांज, रात्र आणि पहाट, तिन्ही वेळांचा उजेड निराळा. सनई वाऱ्याची, पखवाज झऱ्याचा, अंतरपाट दवाचा. बाहेरून काहीच मागवलेलं नाही. वेळ आणि जागा नेमकी साधली की सजावट निम्मी झाली, हे या कवितेतून आजच्या डेकोरेटरनेही शिकावं.

आपल्याकडे ते सहज जमतं. तुळशीचं लग्न झालं की थंडीत शेवंती आणि झेंडू भरात असतात. फाल्गुनात सातपुड्याच्या पायथ्याला पळस फुलतो, वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात. मे महिन्यात जळगावचा पारा 44-45 अंशांवर जातो. तेव्हा भर दुपारी ऑर्किडची भिंत उभी करणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं. त्यापेक्षा हळद सकाळी लवकर, मळ्यातल्या आंब्याखाली लावा. मेंदी दुपारी वाड्याच्या ओसरीवर, गारव्यात. लग्न गोरज मुहूर्तावर, अंगणात, मोगऱ्याच्या माळांखाली. मोगरा उमलतोच संध्याकाळी. ठिकाणं तीन झाली, रंग तीन झाले आणि पाहुणा एक कोसही हलला नाही.

आता फुलं कशात खोचतात ते बघा. स्टेजवरच्या गुच्छांच्या मागे हात घाला, हिरवा फोम लागेल. तो प्लास्टिकच आहे. चुरा झाला तरी मातीत कुजत नाही. इकडे आपला जिल्हा केळीचा, जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घड उतरला की खोड बांधावर पडतं. ते आडवं कापून बघा: पांढऱ्या जाळीत पाणी गच्च भरलेलं असतं. शेवंतीचा देठ तिरका कापून त्यात रोवा, फूल तरतरीत राहतं. वरात परतली की फुलांसकट खोड खतात टाका. एवढी सोय शिवारात असताना फोमचे खोके कशाला आणायचे?

प्लास्टिकच्या फुलांबद्दल तर स्पष्टच बोललं पाहिजे. 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. सजावटीचा थर्माकोल त्यात आहे, लग्नपत्रिकेवरचं प्लास्टिकचं वेष्टनही आहे. प्लास्टिकची फुलं मात्र त्या यादीत नाहीत. फूलउत्पादक शेतकरी या फुलांवर बंदी मागत आहेत आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण बंदीची वाट कशाला बघायची? आपल्या मांडवापुरती बंदी आपण आजच घालू शकतो.

दूरच्या रिसॉर्टवर आणखी एक नुकसान होतं आणि ते सर्वांत मोठं आहे. तिथे मोजकी माणसं जातात. हळदीला अहिराणी गाणी म्हणणारी मोठी माय घरीच राहते. आंब्या-जांभळाचे टहाळे आणून मांडव घालणारे भाऊबंद राहतात. ताटात बट्टी कुस्करून, वर तूप आणि वरण ओतून, घोटलेल्या वांग्याच्या भाजीबरोबर जेवणारी गावपंगत राहते. फोटोत फुलं येतात, माणसं येत नाहीत. त्यासाठी बाप कर्ज काढतो आणि पुढचे कापसाचे दोन-तीन हंगाम ते फेडत बसतो. हौसेला मोल नसतं हे खरं, पण हप्ता असतो.

डिसेंबर 2023 मध्ये डेहराडूनला पंतप्रधानांनी ‘वेड इन इंडिया’ची हाक दिली, लग्नं परदेशात नको, देशात करा म्हणाले. हाक चांगली आहे. ती आपण आणखी जवळ आणू, कारण धरणगावही देशातच आहे.

ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे, त्यांना एक विनंती. पत्रिका छापायला टाकण्याआधी तालुक्यातल्या एखाद्या फूलशेतकऱ्याला गाठा. त्याला तारीख सांगा, रंग सांगा, हातावर आगाऊ रक्कम ठेवा. रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत झेंडू तोडणीला येतो. तीन महिने आधी सांगितलंत तर तुमच्या मांडवाचा झेंडू तुमच्याच शिवारात पिकेल आणि त्याचे पैसे तुमच्याच गावात राहतील.