ड्रायव्हर कागदोपत्री झोपला आहे

आपल्या देशातला ट्रक ड्रायव्हर गेली साठाहून जास्त वर्षं निवांत झोपतो आहे. खोटं वाटत असेल तर कायदा काढून बघा. दिवसाला आठ तास काम, लांब पल्ल्याला फार तर दहा, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, हे 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानंच लिहून ठेवलं. पाचापेक्षा कमी कामगारांच्या धंद्याला तो लागू नव्हता, त्यामुळे एक-दोन गाड्यांचे मालक सुटले. मग 1988 च्या मोटार वाहन कायद्यानं कलम 91 घातलं: तास तेच, पण सगळ्यांना. झोप आणखी पक्की झाली.

आता तपासणी. धुराला पीयूसी आहे, मालाला काटा आहे, वेगाला आवरणारं यंत्र आहे. शेवटचा डोळा कधी लागला होता, हे मात्र कुणी विचारत नाही. ‘चालकाचा ताबा सुटला’ अशी बातमी येते. कितव्या तासाला सुटला, ते पंचनाम्यातही सापडत नाही. वैमानिकांसारखे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत, असं नितीन गडकरी 2021 मध्ये म्हणाले होते. म्हणजे ठरलेले तास पुन्हा ठरवायचे. शिवाय विमान उतरल्यावर वैमानिकाला पोती खाली होईपर्यंत कुणी थांबवून ठेवत नाही.

ड्रायव्हरला ठेवतात. गोदामाच्या फाटकाबाहेर रांग, नंबर कधी लागेल ते देवालाच माहीत. तो सीटवर आडवा होतो न होतो, तोच वॉचमन पत्र्यावर थाप मारतो, “ओ उस्ताद, गाडी पुढं घ्या!” दहा फूट पुढं. पुन्हा आडवा, पुन्हा थाप. पूर्वी निदान क्लीनर असायचा. त्याचा पगार मालकानं कधीच वाचवला. सकाळी माल उतरला की फोन: “परतीचा लोड मिळालाय, निघा.” ही रात्र विश्रांतीत जमा.

बिचारा मालक तरी काय करणार? भाडं वाढवून मागितलं की दलाल म्हणतो, मागे दुसरी गाडी उभी आहे. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मालट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, तेव्हाही किंमत वाढण्याची ओरड आधीच होऊन गेली होती. नियमानं झोपू दिलं तर महागाई भडकेल, हा तर व्यापाऱ्यांचा जुना धसका.

चला, भडकवून बघू. लासलगावहून दिल्ली बाराशे किलोमीटरच्या पुढं. दहा तासांत चारशे किलोमीटर धरले तर एकट्याला तीन दिवस तरी लागणार. दोन दिवसांत कांदा पोचवायचा तर दुसरा ड्रायव्हर हवा. त्याचे फेरीचे पाच हजार धरा, गाडीत वीस टन कांदा धरा. किलोमागे पडले पंचवीस पैसे.

आणि चार आण्याचं नाणं तर सरकारनं 2011 सालीच चलनातून काढलं. सुट्ट्या पैशांअभावी झोप देता येत नाही, याला कोण काय करणार?