बाबा आले की टाकी भरते

गच्चीवरची टाकी भरली हे कळायला बाजारात एक साधी घंटी मिळते. फ्लोट वर आला की ती कोकलते, आपण मोटर बंद करतो, विषय संपला. पण मी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सवाला. मी त्यासाठी आइस-40 जातीची एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट आपणच लिहून भरायचं अशी चिप बसवली. तिच्यात 1280 लॉजिक सेल असतात. 1985 साली जगातली पहिली एफपीजीए बाजारात आली तेव्हा तिच्यात 64 ब्लॉक होते आणि माणसं त्यावरही खूश होती. माझ्या 1280 सेलना काम एकच : टाकी भरली की एलईडी लावायचा.

पहिल्याच सकाळी एलईडी लागला, बाबांनी मोटर बंद केली आणि साडेआठला अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत बायकोने माझ्या शिक्षणाबद्दल एक प्रश्न विचारला. टाकी अर्धीही भरली नव्हती.

मग निरीक्षण सुरू केलं. मी एकटा असताना एलईडी गप्प. बाबा खोलीत येऊन टेबलाजवळ उभे राहिले की तो फिकट लुकलुकायचा. ते गेले की विझायचा. वायर बदलली, अ‍ॅडॉप्टर बदलला. फ्लोटचा स्विच खडखडत असेल म्हणून व्हेरिलॉगमध्ये पाच मिलिसेकंदांची चाळणी लिहिली, म्हणजे 12 मेगाहर्ट्झच्या घड्याळाचे 60 हजार ठोके मोजायचे. अतिशय देखणी चाळणी. घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेची लाट दर दहा मिलिसेकंदांनी उलटते, त्यामुळे ती त्या चाळणीतून सुखाने पलीकडे जात होती. शेवटी मी निष्कर्ष काढला आणि तो बाबांना तोंडावर ऐकवलाही : "बाबा, तुमच्यामुळे होतंय हे. जरा लांब उभे राहा ना."

खरं काय होतं, ते सांगतो. फ्लोटचा स्विच मिटला की पिन जमिनीला जोडली जाते, म्हणजे शून्य. स्विच उघडा असला की पिन कशालाच जोडलेली नसते. ती तरंगते. गच्चीपर्यंतची वायर मग अँटेना होते आणि भिंतीतली वीज, ट्यूबलाइट, जवळ उभा असलेला माणूस, ज्याचं त्याचं ऐकत बसते. 3.3 व्होल्टच्या या पिनेला 0.8 च्या खाली शून्य आणि 2.0 च्या वर एक कळतो. मधल्या पट्ट्यात ती काय समजेल याची हमी कुणी देत नाही.

या मधल्या पट्ट्याला मराठीत 'बघू' म्हणतात. 'बघू' म्हणजे सुमारे दीड व्होल्ट. वर्गणी मागायला आलेल्या पोरांना म्हटलेला 'बघू' 0.9 च्या आसपास असतो. मुलाकडच्यांनी कांदेपोहे खाऊन झाल्यावर म्हटलेला 'बघू, कळवतो' खाली 0.8 ला टेकलेलाच असतो, फक्त तसं बोलायचं नसतं. 'बघू या' जरा वर, दोनच्या उंबऱ्यापाशी घुटमळणारा. 'बघतो' म्हणणारा माणूस बघत नाही, हा अनुभव आहे. आणि 'बघून घेईन' मात्र या कुळातला असूनही अजिबात तरंगत नाही. तो थेट पुरवठ्याच्या तारेला जोडलेला असतो. आमच्या सोसायटीची सभा एका 'बघू'वर सहा महिने चालते. टाकीची घंटी सार्वजनिक बसवावी का, हा ठराव अजून तिथेच आहे, नाहीतर मी या फंदात पडलो नसतो.

तर उपाय. पिनेला पुल-अप द्यायचा. पुल-अप म्हणजे आतून वर ओढून धरणारा एक अशक्त रेझिस्टर. कुणीही खाली खेचलं की तो मुकाट्याने हार मानतो, पण कुणीच नसताना पिनेला सांभाळतो. पिनांच्या फाइलमध्ये, स्विचच्या ओळीत, 'पुलअप यस' एवढे दोन शब्द घालायचे. यातली सगळ्यात लागणारी गोष्ट अशी, की कोऱ्या चिपमध्ये पिनांना हा पुल-अप मुळातच असतो. माझं डिझाइन आत जाईपर्यंत ती शहाणी होती.

आणि हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ऑफिसात दरवर्षी नवी मुलं आली की त्यांना मी पहिलं वाक्य हेच ऐकवतो, की इनपुट पिन कधी मोकळी सोडू नये. बोट वर करून ऐकवतो.

दोन शब्द घातले. वायर लांब, म्हणून बाहेरूनही एक 4.7 के लावला. एलईडी शहाण्यासारखा वागू लागला. मग लक्षात आलं की गेले चार दिवस बाबा खोलीत आलेच नव्हते. चहा झालाय हेही दारातूनच सांगत होते, एक हात चौकटीला धरून. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला मी एका रेझिस्टरपायी घरातल्या घरात लांब उभं केलं होतं.

"बाबा, या आत. दुरुस्त झालं. चूक माझीच होती."

ते आले. टेबलापाशी उभे राहिले. मग हळूच वायरीजवळ हात नेला. एलईडी ढिम्म.

"आता नाही का लागणार?"

"नाही. आता टाकी भरल्यावरच."

"बरं," म्हणाले आणि थोडा वेळ तिथेच थांबले.

दुसऱ्या दिवशी मी एका रिकाम्या पिनेला वीतभर वायर आणि दुसरा एक एलईडी जोडला. त्या ओळीत पुल-अप घातला नाही. शेजारचे काका आले की बाबा त्यांना आत आणतात आणि वायरीजवळ हात धरायला लावतात. काकांच्या हातानेही तो लागतो. बाबांच्या मते, फिकट.