हौसेचे हाल : स्कायरिमच्या साधकासाठी मार्गदर्शन

रोल-प्लेइंग गेम म्हणजे ज्यात खेळणारा एखाद्या पात्राचे सोंग घेऊन त्याचे आयुष्य जगतो असा खेळ. आणि हे सोंग आहे याचाच विसर पडावा, अशी जी अवस्था या खेळांचे उपासक अहोरात्र शोधत असतात, तिला त्यांच्या परिभाषेत इमर्शन म्हणतात. बेथेस्डा गेम स्टुडिओजचा, ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध झालेला स्कायरिम हा या वर्गातला अत्यंत लोकप्रिय खेळ असला, तरी मूळ रूपात त्यात या अवस्थेला घातक अशा सुखसोयींची रेलचेल आहे. पोलादी चिलखत घालून पात्र उत्तरेच्या हिमसागरात मनसोक्त पोहून येते आणि त्याला साधी शिंकही येत नाही. ड्रॅगनशी झुंज ऐन भरात असताना सामानाची यादी उघडली की काळ जागच्या जागी थांबतो, आणि जबड्यापासून हातभर अंतरावर उभ्या असलेल्या पात्राला चीजचे वीस अख्खे गड्डे फस्त करून, जखमा भरून काढून, पुन्हा तलवार उचलता येते. हे सुख हिरावून घेणे हेच मॉडचे, म्हणजे मूळ खेळात फेरफार करण्यासाठी हौशी मंडळींनी फावल्या वेळात रचलेल्या पुरवणीचे, आद्य कर्तव्य होय.

आरंभ थंडीपासून करावा. फ्रॉस्टफॉल हे नावाजलेले मॉड बसवले की पात्राला गारठा आणि ओल दोन्ही बाधू लागतात, त्यामुळे नदी ओलांडताना पाय घसरलाच, तर पुढचा बराच वेळ सरपण गोळा करण्यात, तंबू ठोकण्यात आणि शेकोटीपुढे अंग वाळवण्यात जातो. जगाचा संहार टाळण्याचे काम कपडे वाळेपर्यंत तहकूब राहते. भूक आणि झोप यांची मॉडेही याच जातीची असून, पात्राला वेळेवर जेवू घालण्याच्या नादात साधकाच्या स्वतःच्या ताटातली आमटी गार झाली, तर ते प्रगतीचे लक्षण समजावे. या मार्गाला राजमान्यताही आहे, कारण २०१७ मध्ये खुद्द बेथेस्डाने सर्व्हायव्हल मोड काढून, नकाशावर बोट ठेवताच परगावी पोहोचवणारी सोय बंद केली आणि बाणांनाही वजन दिले.

वजनाचा विचार मात्र सविस्तर करायला हवा. मूळ खेळात पात्र आरंभी ३०० एकक ओझे वाहू शकते, ड्रॅगनचे एकेक हाड १५ एककांचे असते, आणि सोन्याच्या नाण्यांना वजनच नसते, मग ती दहा असोत की दहा हजार. कडवा साधक ओझ्याची मर्यादा निम्म्यावर आणतो आणि नाण्यांनाही वजन देणारे मॉड शोधून काढतो. परिणामी नुकताच ड्रॅगन मारलेला तो महावीर बर्फाळ कड्यावर सांगाड्यापाशी उकिडवा बसून, हाड घ्यावे की स्वयंपाकाचे भांडे, आणि भांडे टाकले तर रात्री रस्सा कशात शिजवावा, या विवंचनेत पडलेला दिसतो. विजयोन्माद म्हणून जो काही असतो, तो या हिशेबात केव्हाच विरून जातो.

त्यानंतर काळ. खेळातला काळ खऱ्या काळाच्या वीसपट वेगाने धावतो, म्हणजे तिथला दिवस ७२ मिनिटांत मावळतो. हे प्रमाण एकास एक करता येते आणि तत्त्वतः तेच शुद्ध होय. मात्र तिथली बहुतेक दुकाने सकाळी आठ ते रात्री आठ उघडी असल्यामुळे, घड्याळे जुळवून घेतलेला नोकरदार साधक कचेरीतून परतून, जेवून संगणकापुढे बसेपर्यंत लोहाराने दुकान बंद केलेले असते. काळ पुढे ढकलण्याची सोय खेळात आहे, पण ती वापरणे हा आचारभंग ठरतो.

एवढी मॉडे एकत्र नांदावीत यासाठी लोड ऑर्डर, म्हणजे कोणते मॉड कोणाच्या मागून चालू व्हावे याचा क्रम, लावावा लागतो. दोन मॉडांनी एकाच गोष्टीत हात घातला, तर जे मागून येते त्याचेच खरे. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण इतकी अक्षरशः लागू पडणारे दुसरे क्षेत्र सापडणे कठीण. मूळ आवृत्तीत मॉडांच्या प्लगइन नावाच्या फायली खेळाच्या मुख्य फायलीसह २५५ पेक्षा अधिक चालत नाहीत, त्यामुळे घोड्याच्या खोगिराला जागा द्यावी की सरायीतल्या मेणबत्त्यांना, यावर रात्री खर्ची पडतात. (ड्रॅगनच्या जागी थॉमस हे बालप्रिय आगगाडीचे इंजिन आकाशातून शिट्टी फुंकत उतरवणारेही एक मॉड आहे, त्याला या पंगतीत पान मांडू नये.)

क्रम लागला की नवा डाव सुरू करून तो तपासावा. हा खेळ दंडितांच्या गाडीतून सुरू होतो. हात बांधलेले पात्र वधस्तंभाकडे निघालेले असते. मूळ आवृत्तीत चित्रे सेकंदाला साठांहून अधिक वेगाने सरकू लागली, की तिथले भौतिकशास्त्र बिथरते आणि गाडी घोड्यासकट उधळून कोलांट्या खाऊ लागते. अशा वेळी खेळ बंद करावा, वेगाला लगाम घालावा, एखादे मॉड काढावे, दोन नवी बसवावीत आणि पुन्हा गाडीत बसावे. मुरलेल्या साधकाला त्या रस्त्यावरचे एकेक झाड ओळखीचे झालेले असते. वेशीच्या आत काय आहे, हे मात्र त्याला पुष्कळदा ऐकूनच माहीत असते.