पालीच्या तिठ्यावरील मानद निवड समितीस

माननीय सभासदहो,

१ जून २०२५च्या रात्री आयपीएलमध्ये अहमदाबादेत मुंबई इंडियन्स पंजाबकडून हरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा पहिला चहा उकळायच्या आत आपण मुंबईच्या अश्वनी कुमारला नारळ दिलात. ही तत्परता वाखाणण्याजोगीच. ज्या मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११पासून मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत आली, त्याच्याच काठावर बसून आपण एका बोलरला सहा चेंडूंपलीकडे मुदत द्यायला तयार नाही. पुरावा मात्र बिनतोड! बारा चेंडूंत २३ धावा हव्या असताना पंजाबच्या श्रेयस अय्यरने त्याच्या एका ओव्हरमध्ये चार षटकार हाणले. सामना तिथे संपला, म्हणजे तो तिथेच हरला, असं आपलं शास्त्र सांगतं.

हाच अश्वनी ३१ मार्चला वानखेडेवर पदार्पणातच कोलकात्याचे ४ बळी २४ धावांत घेऊन गेला होता, तेव्हा आपण त्याला थेट भारताच्या संघात बसवून मोकळे झालात. दोन महिन्यांत पोराचा हात बदलला नाही, समोरचा बॅट्समन बदलला. ‘यॉर्कर टाकायला काय होतं?’ हा आपला लाडका सवाल. काय होतं ते सांगतो. चेंडू बॅटच्या बुंध्याशी पडायला हवा. वीतभर आखूड पडला की हाफ व्हॉली, जरा पुढे सरकला की फुल टॉस, आणि दोन्ही स्टँडमध्ये जातात. त्यातूनही अचूक पडला तरी हमी नाहीच. त्याच रात्री बुमराचा नेमका पडलेला यॉर्कर अय्यरने शेवटच्या क्षणी बॅट लावून थर्ड मॅनला चौकाराला धाडला. आता याला नारळ द्यायचा का?

‘पण २०३ धावा पुरेशा होत्या, आधी खेळून दोनशेच्या वर केल्यावर मुंबई कधी हरली नव्हती,’ हा आपला आक्षेप वजनदार आहे. मात्र तो एकट्या अश्वनीच्या अंगावर टाकता येत नाही. बुमराच्या पहिल्याच ओव्हरमध्ये जॉश इंग्लिसने २० काढल्या आणि चार ओव्हरमध्ये ४० देऊन बुमरा बळीविना परतला. अय्यर ४१ चेंडूंत नाबाद ८७. (तो मुंबईचाच, म्हणून त्या खेळीचा थोडा अभिमान बाळगायला समितीला मुभा आहे.) जिथे जगातला सर्वांत खडतर बोलर झोडपला जातो, तिथे एका नवख्या पोराची ओव्हर हे हरण्याचं कारण नसतं. ती फक्त हरण्याची वेळ असते.

कारण शोधायचंच तर मार्चमध्ये जा, तेव्हा अजून आंबाही नीट उतरायला लागला नव्हता. जानेवारीत सिडनी कसोटीत पाठ धरलेला बुमरा पहिले चार सामने नव्हता. पहिल्या पाचांपैकी चार सामने गेले. तो ७ एप्रिलला परतला, संघाला लय सापडली आणि पुढे ओळीने सहा सामने जिंकले. तरी साखळीअखेर गुण १६ आणि क्रमांक चौथा. सुरुवातीच्या त्या पराभवांतले दोन जरी वाचले असते, तर २० गुणांनी मुंबई पहिली आली असती, आणि पहिल्या दोघांना एक पराभव माफ असतो. चौथ्याला नसतो. मार्चमधल्या सामन्याचे गुण दोन, मेमधल्याचेही दोनच. पण मार्चमध्ये आपली बैठक बोलावायला कोणाला सवड नसते. चाकरमानी मेमध्ये गावी येतात, कोरम तेव्हा होतो.

‘कोट्यवधी घेतात, मग ऐकून घ्यावंच लागेल,’ हेही कबूल. बोला. पण अख्खी किंमत शेवटच्या ओव्हरवाल्याकडूनच का वसूल करायची? एका बोलरला चारच ओव्हर मिळतात. १२० चेंडूंतले ९६ बुमराला टाकताच येत नाहीत. ते कोण टाकणार, याचा हिशेब लिलावाच्या टेबलावर होतो आणि त्या टेबलावरच्या कोणालाही आपण अजून नारळ दिल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा एवढंच करा. पुढच्या हंगामात कोणाला घ्यायचं, कोणाला हाकलायचं, याचे ठराव यथास्थित मांडा, एकमताने मंजूर करा. फक्त प्रत्येक ठरावाखाली तारीख घाला आणि मार्चचा ठराव जूनच्या बैठकीत वाचून दाखवायला कोणाला तरी नेमा.

आपला,
तिठ्यावर मताधिकार नसलेला एक प्रेक्षक