घासमास्तर

संध्याकाळी सातच्या सुमारास कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकवा, घासमास्तर भेटतीलच. डाव्या हातात स्टीलची वाटी, खांद्यावर नॅपकिन, खिशात मोबाइल आणि चार पावलं पुढे पळणारा दोन वर्षांचा नातू. गृहस्थ बहुधा बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत ज्यांनी कुणाच्या फायलीसाठी खुर्ची सोडली नाही, ते आता तूपभाताचा चमचा सावरत स्कूटरींमधून वाट काढत असतात.

नातू खातो काय? पांढरं. दहीभात, कुरमुरे, इडलीचा मधला भाग. पोळीवर तपकिरी डाग दिसला की ‘घाण!’ वरणात कोथिंबिरीचं पान तरंगताना दिसलं की तोंडाला कुलूप. म्हणून घासमास्तरांनी तस्करी सुरू केली. लाल भोपळा घारग्यातून, दुधी थालीपिठातून, पालक धिरड्यातून. बीट इडलीतून न्यायची मोहीम मात्र फसली. नातवानं ती गुलाबी इडली आधी उलटी करून पाहिली, मग कुस्करली, एक कण जिभेच्या टोकावर ठेवला आणि तो तसाच आजोबांच्या तळहातावर परत केला. विमानतळावर सोनं पकडणाऱ्यांनी या पोराकडे शिकवणी लावावी.

भरवण्याचं तंत्र पिढीजात आहे, फक्त पात्रं वाढली आहेत. चिऊ, काऊ आणि मनीमाऊ पहिल्या तीन घासांतच संपतात. मग वॉचमनकाकांचा, लिफ्टचा, आणि सगळ्यात मोठा घास पाण्याच्या टँकरचा. टँकर येत नाही त्या दिवशी वाटी अर्धी परत जाते. अगदीच अडलं तर मोबाइल. पडद्यावर गाडी धावते, तोंड आपोआप उघडतं, चमचा रिकामा होतो. त्या वेळी शेपू भरवला काय किंवा पुठ्ठा भरवला काय, पोराला पत्ता नसतो. त्यामुळे शेपूची ओळख दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

रात्री सुनेला हिशेब सादर होतो. ‘‘सकाळी साडेचार घास, दुपारी दोन. पोर सुकत चाललंय.’’

‘‘बाबा, पहिल्या वर्षात मुलाचं वजन तिप्पट होतं, तीनाचं नऊ किलो. दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोच वाढायचं असतं. मग भूक कमी होणारच ना!’’

‘‘आमच्या बँकेचा व्याजदर असा कोसळला असता, तर ठेवीदारांनी मोर्चा आणला असता.’’

सून शांतपणे एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंची वाटणी समजावते : काय द्यायचं, केव्हा आणि कुठे बसून, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं.

‘‘आणि मी काय करायचं?’’

‘‘शेजारी बसून तुमचं तुम्ही जेवायचं.’’

निवृत्तीच्या निरोप समारंभातसुद्धा त्यांचा चेहरा एवढा पडला नव्हता. गंमत म्हणजे हे स्वतः पाच भावंडांत वाढले. कोण जेवलं आणि कोण नाही, हे त्यांच्या आईला रात्री अंथरुणं मोजताना कळायचं.

नवी भाजी पोटात जायच्या आधी मुलाला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही दाखवावी, चाखवावी लागते. दोन वर्षांच्या आगेमागे अनोळखी पदार्थाला बिचकणं हे वयालाच धरून असतं. घासमास्तर दुसऱ्याच खेपेला निकाल देतात, ‘‘याला दोडका आवडत नाही,’’ आणि तो पोरासमोरच जिन्यात भेटेल त्याला ऐकवतात. पोरगंही मग दिलेला शब्द पाळतं. खुद्द मास्तरांनी आजवर कारल्याला बोट लावलेलं नाही. पण ते वेगळं. त्यांना ते ‘सोसत नाही’.

क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टर बाईंनी १९२८ साली छापलेल्या प्रयोगात नुकत्याच अंगावरून सुटलेल्या बाळांपुढे साधे पदार्थ वेगवेगळे मांडून ठेवले होते. नर्सनं आपण होऊन चमचा पुढे करायचा नाही, मूल ज्याला हात घालेल तेच द्यायचं. मुलं उत्तम वाढली. अर्थात त्या ताटात साखरही नव्हती आणि मैदाही. आमच्या मास्तरांच्या खिशात मात्र बिस्किटाचा पुडा असतो. सहा वाजता ‘आईला सांगू नको हं’ म्हणून दोन बिस्किटं, वर ‘निदान तेवढं तरी’ म्हणून बाटलीभर दूध. आणि सातला पोराला भूक का नाही, या चिंतेनं कपाळावर आठ्या.

उरलेली वाटी कोण संपवतं, हे सांगायला नकोच. अन्न टाकायचं नाही, हा त्यांच्या घरचा दंडक. नातवाच्या वाट्याचं तूप, मेतकूट आणि नाचणीचं सत्त्व असं रोज योग्य माणसाच्या पोटात पोचतं. मास्तरांचा पट्टा दोन भोकं पुढे सरकला आहे.

शेवटी त्यांनी पोराला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी वजन केलं, उंची मोजली, तक्त्यावर ठिपका दिला. रेघ छान वर चालली होती. ‘‘खेळतो? झोपतो? मग उत्तम आहे.’’

‘‘म्हणजे… अशक्तपणा वगैरे?’’

‘‘काही नाही.’’

‘‘एखादं टॉनिक तरी?’’

‘‘गरज नाही. तुमची शुगर केव्हा तपासली होती, आजोबा?’’

जिना उतरताना मास्तर गप्प होते. पार्किंगमध्ये शेजारच्या जोशीकाकूंनी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘‘माणूस हुशार आहे हो, पण वयानं लहान. पेठेत एक जुने डॉक्टर आहेत म्हणे. उद्या त्यांना दाखवतो.’’